चार वाजता खोलीत कुणीतरी असावं

माझे सासरे चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. त्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू रिकामे केले. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, मग नातवंडांच्या हाका. सासूबाई गेल्या त्या सकाळी घरात रडारड चालली होती आणि हे ओसरीवर निवांत दाढी करत बसले होते. खांद्याला हात लावून सांगावं लागलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. आमचं बोलणं ते ओठांवरून समजून घेत. मागावर सगळ्यांनाच ती विद्या येते, पण तोंड समोर हवं. पाठ वळली की संपलं.

यंदा त्यांच्या जुन्या कामगार संघटनेनं कानाचं यंत्र मंजूर केलं. ते मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात मिळणार होतं. एक दिवस तपासणी आणि कानाचा साचा, दुसऱ्या दिवशी यंत्र, म्हणजे जाण्यायेण्यासकट तीन दिवस. नवरा बस चालवतो, त्याला रजा नाही. मी शाळेच्या ग्रंथालयात आहे, माझ्या रजा साठलेल्या. तेव्हा मीच निघाले.

राहायचं कुठं, हा प्रश्न कानापेक्षा मोठा निघाला.

निघण्यापूर्वी फोनवर एक लॉज ठरवलं होतं. फोटोत निळा पडदा होता, छान वाऱ्यावर हलतोय असा. खोलीत गेल्यावर पडदा बाजूला केला तर मागे सरळ भिंत.

"खिडकी कुठाय?" मी विचारलं.

"फोटोत पडदा दाखवलाय ताई," मॅनेजर म्हणाला. "खिडकी आहे असं आम्ही कुठं लिहिलंय?"

शिवाय भाडं बारा तासांचं होतं, हे त्यानं चावी हातात देताना सांगितलं. चावी परत दिली. दुसऱ्या ठिकाणी नुसत्या खाटा होत्या, बाया खाली आणि पुरुष वर. मी म्हटलं, यांना ऐकू येत नाही, यांना एकटं कसं ठेवू? तिथला माणूस म्हणाला, "मग तर बरंच आहे, वर सगळे घोरतात." तिसरी जागा इस्पितळाच्या समोरच होती, स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र चादरींची. भाडं ऐकून सासऱ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "नाकापेक्षा मोती जड," ते म्हणाले. आवाजाची पातळी कळत नसल्यानं ते नेहमी मोठ्यानं बोलतात, त्यामुळे सगळ्या लॉजनं ते ऐकलं.

दुपारी तीनपर्यंत सात दारं झाली. फूटपाथवर किल्ल्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या टपरीपाशी सासरे पिशवीवरच बसले. किल्लीवाल्यानं कानस बाजूला ठेवली, त्यांना पाणी दिलं आणि आमची कहाणी ऐकून घेतली.

"ऑपरेटरबाईंकडे बघा," तो म्हणाला. "मागच्या गल्लीत, तिसरा मजला. खोली चांगली आहे आणि अगदी स्वस्त."

"मग रिकामी कशी?"

त्यानं कानस पुन्हा हातात घेतली. "लोक टिकत नाहीत. तुम्हाला काय, दोनच रात्री काढायच्यात."

बाई पासष्टीच्या असाव्यात. ताठ बांधा, पांढरी पातळ वेणी, आणि आवाज असा की प्रत्येक शब्द वेगळा धुऊन ठेवलेला. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. घर दोनच खोल्यांचं, आणि त्यातली पुढची त्या भाड्यानं देत. खोलीत लोखंडी कॉट, जमिनीवर घालायला एक गादी, भिंतीतलं उंच कपाट, टेबल, भिंतीवरचं घड्याळ. खिडकी खरोखरची होती. भाडं त्यांनी इतकं कमी सांगितलं की माझंच काही ऐकण्यात चुकलं असं वाटलं.

"एकच अट आहे," त्या म्हणाल्या. "चार वाजता खोलीत कुणीतरी असावं. साडेचारपर्यंत. दाराला कडी घालायची नाही, नुसतं लोटून ठेवायचं."

"का हो?"

"अट आहे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिवसभर पायपीट झालेल्या माणसाला अट म्हणजे काय, गादी मिळाली की झालं. चारला पाच मिनिटं कमी असताना मी सासऱ्यांना कॉटवर बसवलं आणि अंघोळीला गेले. परत आले तेव्हा ते पाय पोटाशी घेऊन कॉटच्या एका टोकाला बसले होते, जणू कुणाला जागा करून दिलीय.

"तो मुलगा कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"कुठला मुलगा?"

"आत्ता आला तो. बूट काढले, एक इथं पडला, एक तिकडं. किल्ल्या टेबलावर टाकल्या. इथं बसला. कॉट करकरली."

टेबलावर काही नव्हतं. जमिनीवर आमच्याच चपला होत्या.

"कसा होता दिसायला?"

ते गोंधळले. मग अगदी हळू म्हणाले, मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दिसला नाही गं. ऐकला."

मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि स्टीलचा तांब्या मुद्दाम फरशीवर टाकला. असा आवाज झाला की ऑपरेटरबाई आतून डोकावल्या. सासऱ्यांनी मान वळवली नाही.

बॅग अजून सोडलेली नव्हती. मी त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "बाबा, आपण दुसरीकडे जाऊ. जास्त पैसे गेले तर जाऊ देत."

"मी कुठंही येत नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षांनी कुणाच्या पायांचा आवाज ऐकला. भिण्यासारखा नव्हता तो. कामावरून दमून आलेला माणूस होता."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांना काचेच्या पेटीत बसवलं. तपासणाऱ्या मुलीनं बटणं दाबली, कानात मेणासारखं काही घालून साचा घेतला, मग आलेखाचा कागद माझ्यापुढे धरला. उजवा कान संपलेला, डाव्यात थोडी धुगधुगी. यंत्र डाव्याला बसेल.

"यंत्राशिवाय यांना पावलं ऐकू येतील?" मी विचारलं. "किल्ल्या वगैरे?"

"शेजारी दार आपटलं तरी नाही येणार," ती म्हणाली. "असं का विचारलंत?"

मी आलेखाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

सासऱ्यांना हे मी सांगायचं की नाही, या विचारात असतानाच त्यांनी खोलीवर येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्यानं जाहीर केलं, "बाई, काल तुमच्याकडे एक मुलगा आला होता. चार वाजता."

बाईंनी गॅस बंद केला. हात पुसले. भांडं उगाच इकडचं तिकडं ठेवलं. मग त्यांनी सासऱ्यांकडे तोंड करून, ओठ नीट हलवत विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"बूट, किल्ल्या, कॉट. सगळं."

"बोलला काही?"

"बोलला. पण माझं लक्ष नव्हतं. मी आवाजालाच धरून बसलो होतो."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. एकुलता एक मुलगा, लिफ्ट दुरुस्त करणारा. रोज चारला घरी यायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याला दुसऱ्या शहरात बढतीची नोकरी मिळाली आणि तो जातो म्हणाला. बाईंनी अबोला धरला.

"दिवसभर परक्यांशी गोड बोलायचे मी," त्या म्हणाल्या. "घरी पोटच्या पोराशी ओ की ठो नाही. सतरा दिवस. अठराव्या दिवशी तो चारला आला आणि इथून, या खोलीतून, मला काहीतरी म्हणाला. मी स्वयंपाकघरात होते. मी नळ मोठा सोडला. ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर लिफ्टच्या तारेवरचा त्याचा हात सुटला. चार मजले खाली. कुणी म्हणालं सुटला, कुणी म्हणालं त्यानंच सोडला."

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"आलेल्या लोकांना जाणवतं," त्या पुढे म्हणाल्या. "कुणाला दार हलल्यासारखं वाटतं, कुणाला गारवा लागतो. ते घाबरून जातात. शब्द कुणालाच कळत नाहीत. मला तर काहीच नाही. जन्मभर कानांवर भाकरी खाल्ली, आणि माझ्याच घरात मी बहिरी. खोली मी पैशासाठी देत नाही गं. कुणीतरी ऐकेल म्हणून देते."

सासरे बाईंच्या ओठांकडे बघत होते. एक शब्द सुटला नसावा. ते उठले आणि जाऊन कॉटवर बसले. घड्याळात पावणेचार झाले होते.

बाईंनी खुर्ची त्यांच्यासमोर ठेवली. मी खिडकीला टेकून उभी राहिले. लख्ख ऊन होतं, खाली कुणीतरी हातगाडी ढकलत होतं, शेजारी कपडे आपटत होते. भीती वाटावी असं काही नव्हतं, तरी माझी नजर घड्याळावरून हलत नव्हती.

चार वाजले. दार तसंच लोटलेलं राहिलं. सासऱ्यांनी बोट वर केलं.

"आला," ते म्हणाले. "बूट. एक. दुसरा."

त्यांची मान दारापासून टेबलापर्यंत फिरली, टेबलापासून कॉटपर्यंत आली. मग ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे किंचित झुकले. सभेत शेजारचा कुजबुजतो तेव्हा आपण झुकतो, तसे. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. सासऱ्यांचा चेहरा एकदम उतरला. ते आपला उजवा पंजा डाव्यानं चोळू लागले. मला वाटलं, हात आखडला असेल.

"काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी पंजा चोळणं थांबवलं.

"म्हणतो, उद्या डबा नको."

"एवढंच?"

"एवढंच."

"आवाज कसा होता?"

"दमलेला. रागावलेला नव्हता, बाई. अजिबात नव्हता."

बाईंनी मान हलवली. "धन्यवाद," त्या म्हणाल्या, टेलिफोनवर म्हणत असतील तशाच, आणि आत गेल्या. रात्री जेवताना त्या आमच्याशी हवापाण्याचं बोलल्या. सकाळी निघताना भाडं घ्यायला तयार होईनात, मी टेबलावर ठेवून आले.

इस्पितळात यंत्र बसवलं. सासऱ्यांनी पहिला ऐकला तो कागद फाडल्याचा आवाज, आणि ते दचकले. रस्त्यावर दोन्ही हातांनी डोकं धरून चालत होते. बसमध्ये बसल्यावर त्यांनी यंत्र कानातून काढून रुमालात गुंडाळलं.

"टोचतंय का?" मी समोर वाकून विचारलं.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तो डब्याचं काही म्हणाला नाही. म्हणाला, आई, माझा हातमोजा फाटलाय, शिवून ठेवतेस का."

मला समजायला एक क्षण लागला.

"मी यंत्रावर काम केलेला माणूस आहे," ते म्हणाले. "फाटका हातमोजा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. हात तारेवरून सुटला तो त्यामुळेच. आणि त्या माउलीनं तेव्हा नळ सोडला होता. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

"बरं केलंत नाही सांगितलं," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

पण त्यांना ते पचलं नाही. घरी आल्यावर आठ दिवस नातवंडांनी त्यांच्या कानाशी नुसता धुमाकूळ घातला, ते हसायचे, आणि मधेच गप्प व्हायचे. जेवणावरचं लक्ष उडालं. एक दिवस मला म्हणाले, "तिनं नऊ वर्षं माणसांना खोली दिली ती एका वाक्यासाठी. ते वाक्य माझ्या खिशात आहे. मी चोर झालोय."

तीन आठवड्यांनी त्यांनी मला नंबर लावायला सांगितला. फोन त्यांनी स्वतः डाव्या कानाशी धरला, पण सवय नव्हती, म्हणून मी स्पीकर सुरू केला. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि थांबले.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तो हातमोजा मी पाहिला होता, भाऊ," बाई म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी. तो बाहेर गेला होता, हातमोजा कॉटवर पडला होता. उजव्या हाताचा, अंगठ्यापाशी उसवलेला. रात्री मी शिवला आणि कपाटावर ठेवला. त्याला सांगितलं नाही. बोलत नव्हते ना. सकाळी तो लवकर गेला. त्याला दिसला नसेल, उघड्या हातानंच गेला."

सासऱ्यांनी डोळे मिटले.

"तारेवरून हात कसा सुटला ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही नका मनाला लावून घेऊ. मला वाटत होतं, त्यानं माझ्याकडे काही मागायचंच सोडून दिलं होतं."

"नाही," सासरे म्हणाले. "मागितलं त्यानं. तुम्ही बोलत नव्हतात तरी मागितलं."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मी तेच करत बसले होते. रात्री, त्याच्यासाठी."

त्या रडल्या नाहीत. यंत्र नीट बसलं का, पाण्यापासून जपता का, असं विचारलं. मी विचारलं, खोली अजून देता का.

"देते की. पण चारची अट काढून टाकली. चार वाजता आता मीच जाऊन बसते तिथं, भाडेकरूला म्हणते जरा फिरून या. मला अजून काही ऐकू येत नाही. पण मी उत्तर देते. सांगते त्याला, शिवलाय रे, कपाटावर ठेवलाय, उद्या जाताना घेऊन जा."