टोपलीची फेरी

सुपातली मोहफुलं पाखडता पाखडता सोनीबाईनं सूप जमिनीवर आपटलं आणि चुलीकडं पाहून म्हणाली,

"या बाईच्या तोंडात जीभ कोणाची बसवली, कोण जाणे. मोहा उलटला का म्हणून विचारलं, तं सर म्हणतात संध्याकाळी उलटायचा. पाणी आणलं का, तं सरांची मीटिंग होती. उद्या नवऱ्याले जेवाले वाढू का, हेबी सरालेच विचारजो."

निशा चुलीत लाकूड सारत होती. तिनं ते आणखी थोडं आत सारलं. सासू बोलायला लागली की निशा हातातल्या कामात खाली वाकायची आणि बोलणं डोक्यावरून जाऊ द्यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची हीच रीत. सोनीबाईला ती आवडायचीही आणि तिचा रागही यायचा.

सर म्हणजे अतुल सर. नागपूरचे. गडचिरोलीला बचत गटाच्या बायांचं प्रशिक्षण झालं, तिथं निशानं त्यांना ऐकलं होतं. जंगलातल्या बाईनं मोहा व्यापाऱ्याच्या पोत्यात ओतायचा नाही, त्याचे लाडू करायचे, पाक करायचा, डब्यावर आपलं नाव टाकायचं, असं ते सांगत. निशा घरी आली ती मोबाईलमध्ये त्यांचं बोलणं भरूनच. भाकरी थापताना सर, भांडी घासताना सर. बांबूच्या मांडवावर जाळी ताणून फुलं वाळवायची, हेही तिला त्यांनीच शिकवलं. त्या जाळीवरची फुलं माती न लागता सोन्यासारखी वाळली, हे सोनीबाईनं पाहिलं होतं. ती काही बोलली नव्हती. फक्त आपल्या वाट्याची फुलं तिनं हळूच त्या जाळीवर सरकवली होती.

आता गोष्ट जाळीच्या पुढं गेली होती. यंदाचा साऱ्या गटाचा मोहा सरांच्या हाती द्यायचा, ते सांगतील तसं करायचं, माल त्यांच्या नावानं विकायचा, असं ठरत होतं. निशाचं मन त्या बेतावर बसलं होतं. पण गटाची अध्यक्ष सोनीबाई. शाळेची पायरी ती दोन पावसाळे चढली आणि मग लहान भावाला कडेवर घेऊन मोहाखाली बसली. तरी गावात तिचा शब्द म्हणजे शब्द. ती हो म्हणाली की साऱ्या बाया हो, ती उठली की सभा उठली.

असल्या माणसांना ती आजवर पाहत आली होती. झाडं लावून श्रीमंत करणारा आला होता, साखळी जोडून गाडी देणारा आला होता, एक बुवा तर अंगणात मांडी घालूनच बसला होता. सगळ्यांना तिनं पाणी पाजून वाटेला लावलं. गोड बोलणाऱ्याचं तोंड पाहू नये, तराजू पाहावा, असं ती म्हणे. या अतुल सरांचा तराजू मात्र तिला कुठं दिसत नव्हता.

त्या दिवशी दुपारी ते आले. पायातले बूट दाराबाहेर काढले. सोनीबाईच्या पायाला हात लावला.

"कशा आहात आई?"

"आई म्हणाची तं तुही आई असंल घरी. मले बाई म्हणते सारं गाव."

"बरोबर आहे बाई. तुमचंच बरोबर आहे."

पानाच्या द्रोणात दिलेला मोहाचा पाक त्यांनी तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"पंडुम झाला ना बाई? नव्याची पूजा झाल्याशिवाय मी तोंडात घालणार नाही."

पूजा झालेली होती. पण सोनीबाईचे डोळे बारीक झाले. बाहेरचा माणूस चुकतो. चुलीच्या दगडाला पाय लावतो, नको तिथं थुंकतो, मग ओशाळतो, आणि त्या ओशाळण्यातून तो कळतो. हा चुकतच नव्हता. निशानं सगळं फोनवर आधीच पढवलेलं दिसत होतं. ज्याला आधीच सारं ठाऊक, त्याची परीक्षा घ्यायची कशी?

तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीवर गेली आणि तोंडातून आपोआप निघालं,

"बाकी तं ठीक आहे. पण आमच्यात मोहा दुसऱ्याच्या हाती द्याच्या आधी एक रीत करा लागते. बाया रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून झाडाले फेरी मारते. तोंडातून शब्द काढाचा नाई. ते तुमाले ठाऊक नसंल."

अशी रीत त्या गावात नव्हती, आजूबाजूच्या कुठल्या गावातही नव्हती. झाडाखालची पहिली ओंजळ बुंध्याशी ठेवायची, एवढीच काय ती रीत.

निशा तांदूळ निवडत होती. तिचा हात ताटात थांबला.

अतुल सर हसले. मान हलवत म्हणाले,

"ठाऊक कसं नसेल बाई? कोरचीकडं मी स्वतः पाहिलंय. तिकडं सात फेऱ्या मारतात. तुमच्याकडं किती?"

"पाच," सोनीबाई म्हणाली.

"तेच. गावागणिक थोडा फरक असतो."

निशाचा हात पुन्हा चालू लागला. खडा निवडून तिनं बाहेर टाकला, मागोमाग चार चांगले तांदूळही टाकले. तिच्या ध्यानात आलं नाही.

सोनीबाईनं सरांना चहा पाजला, रस्त्यापर्यंत पोचवलं. परत आली ती मनातून फुललेली. माशाला गळ लागला होता. आता रविवारी मोहाखाली गटाची सभा होती. तिथं सगळ्या बायांसमोर ती विचारणार होती, कोरचीत कोणाच्या झाडाले पाह्यलं भाऊ, नाव सांग. मग पाहू, पोरी कोणाच्या मागं जातात.

पण एक गोष्ट तिला टोचत होती. निशाचा हात थांबला होता. म्हणजे तिला कळलं होतं. संध्याकाळी सोनीबाईनं खडा टाकून पाहिला.

"तुहा सर लय जाणकार आहे म्हणा."

"हो."

"जुन्या रीतीबी ठाऊक त्याले."

निशा परातीतलं पीठ मळत राहिली. पीठ कधीचं मळून झालं होतं.

"बोलत काऊन नाई?"

"काय बोलू, आत्याबाई? तुमी म्हणता तसंच."

रविवारी सोनीबाई मुद्दाम उशिरा निघाली. मागून यावं, सगळ्यांनी उठून जागा द्यावी, मग बोलावं, अशी तिची पद्धत. वाटेत तिनं शब्द घोळवून ठेवले होते. अंगावर धुतलेलं हिरवं लुगडं होतं.

गावाबाहेरच्या मोठ्या मोहाशी ती पोचली आणि थबकली.

झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केली होती. झाडाला बांधलेल्या कापडी फलकावर सरांचा हसरा चेहरा होता. आणि गटाच्या बाया, एकीमागं एक, डोक्यावर पालथ्या टोपल्या घालून, तोंडं मिटून, झाडाला फेरी मारत होत्या. सर उलट्या पावलांनी मागं सरत मोबाईलमध्ये त्यांचं चित्र घेत होते.

"छान. सावकाश. मान थोडी खाली."

सगळ्यात शेवटी कलाबाई होती. सोनीबाईहून ती वयानं मोठी, पाठीत वाकलेली. टोपली तिच्या डोळ्यांवर घसरली होती. मुळाला ठेच लागून ती झोकांडली. सोनीबाईनं पुढं होऊन तिचा दंड धरला आणि हलक्या आवाजात विचारलं,

"कला, हे काय करून राह्यली तू?"

कलाबाईनं टोपली वर सारली.

"तूच सांगतली म्हणे ना रीत. सरानं सगळ्यांच्या मोबाईलवर धाडलं."

"आपल्यात होती का अशी रीत? तू तं माह्या आधीची."

"मले तं काई याद येत नोहती," कलाबाई म्हणाली. "रातभर आठवत बसली. मंग म्हटलं, सोनी म्हणते तं असंल. आपलंच ध्यान गेलं असंल आता."

आणि ती पुन्हा टोपली डोळ्यांवर ओढून रांगेत शिरली.

सोनीबाईनं घोळवून ठेवलेले शब्द मनात पुन्हा चाळले. कोरचीचं विचारायचं, तर आपलंही सांगावं लागणार. मग चार बायांत, पोरीसोरींत बोभाटा होणार, सोनीबाई खोटं बोलली. आजवर तिला कोणी तसं म्हटलं नव्हतं, आणि तिनं कोणाला म्हणू दिलं नव्हतं.

"बाई, आलात? तुमचीच वाट पाहत होतो," सर पुढं आले. त्यांच्या हातात एक नवी कोरी टोपली होती. "आता तुम्ही पुढं, बाकी सगळ्या मागं. ही शेवटची फेरी. मग मोहा देण्याचं जाहीर करू."

बाया थांबून तिच्याकडं पाहत होत्या. तिनं टोपली हातात घेतली. एक फेरी मारली की झालं, मग घरी जाऊन मोहा न देण्याचं काही तरी कारण काढू, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिनं टोपली छातीपर्यंत उचलली.

"नाई."

आवाज मागून आला. निशा झाडापासून लांब उभी होती. तिची टोपली कमरेला होती. ती एकदाही फेरीत गेलेली दिसत नव्हती. तिचा चेहरा ताप भरल्यासारखा झाला होता.

"निशाताई, चला ना. तुमच्याशिवाय कसं?" सर म्हणाले.

"सर, हे आमच्यात नाई. आत्याबाई त्या दिवशी तुमाले अजमावून राह्यल्या होत्या. तुमी कोरचीले पाह्यलं म्हणाले, ते तुमी पाह्यलं नाई."

सर हसले.

"अहो, एवढं काय त्यात? असतं तिकडं काही तरी तसंच. लोकांना मालामागं गोष्ट लागते. व्हिडिओ बघा, किती सुंदर दिसतोय."

"जाळी तुमी शिकवली, ते मी जलमभर म्हणन," निशा म्हणाली. "पण जे नाई ठाऊक, ते नाई ठाऊक म्हणा लागते सर. उद्या मालाचं काई बिघडलं, तं तुमी असंच हसून सांगसाल." मग तिनं सासूकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, डोळे न वळवता. "अन् आत्याबाई, तुमीबी चुकल्या. कलामाय रातभर झोपली नाई. तुमच्यापुढं कोणी बोलत नाई, म्हून काईबी सांगाचं नसते. मले त्याच दिवशी समजलं होतं. मीबी बोलली नाई. ते माहं चुकलं."

कलाबाईनं टोपली डोक्यावरून उतरवली. तिचे विरळ पांढरे केस एका बाजूला चपटे झाले होते. मग एकेकीनं टोपल्या काढल्या आणि सवयीप्रमाणं सगळ्या सोनीबाईच्या तोंडाकडं पाहू लागल्या.

सरही तिच्याकडंच वळले.

"बाई, तुम्हीच समजवा त्यांना. तुमचा शब्द शेवटचा."

सोनीबाईनं हातातली टोपली त्यांच्या पायाशी ठेवली. निशाजवळ जाऊन ती उभी राहिली. पदर खोचून तिनं साऱ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"चार बायांत सासूले खोटी पाडणारी सून तू. तुह्यासंग एका चुलीवर राहाणं मले कठीणच जाईन, निशा. पण मोहा कोणाच्या हाती द्याचा ते आता तू सांग. तुह्या मागं चालाले भेव वाटत नाई."