पंगतीतला कॅप्टन

दारव्ह्याहून बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तेव्हा मिशनचं मुलांचं बोर्डिंग होतं. एकोणीसशे एकोणसाठ साली मी तिथे गृहपाल होतो. दिवसा वर्गात मराठी शिकवायचं आणि शाळा सुटल्यावर मुलांवर लक्ष ठेवायचं, असं माझं काम. लक्ष ठेवणं मला फारसं जमलं नाही. मुलं काही खोड्या करताना दिसली की मीच नजर वळवायचो. पण ही हकिकत नेमसिंगची आहे. ती मला पुरती कळली आहे असं मी आजही म्हणणार नाही.

आमचे मुख्याध्यापक फादर मेनेझिस गोव्याचे होते. उंच, सावळे, पांढऱ्या झग्याच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुलांबरोबर स्वतः खड्डे खणायचे, ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसायचे. त्यांचं एक ठाम मत होतं, की जो सगळ्यांची सेवा करतो तोच खरा पुढारी. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे ते प्रत्येक टर्मच्या सुरुवातीला सांगत. म्हणून आमच्या बोर्डिंगात कॅप्टनचं काम शिट्टी फुंकण्याचं नव्हतं. दोन्ही वेळा वरणाची बादली घेऊन त्याने पंगतीत फिरायचं, सगळ्यांना वाढायचं, सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायचं आणि मग जागा झाडायची. बाकी मुलं भाकरी आणि भाजी वाटत, पण वरण कॅप्टनच्याच हातचं.

तोवरचे कॅप्टन दारव्ह्या-यवतमाळच्या नोकरदार घरांतले असत. त्या वर्षी फादरनी नेमसिंगला निवडलं. उन्हाळ्यात मुलांनी विहिरीतला गाळ काढला तेव्हा नेमसिंग तळाशी होता, आणि शेवटचा मुलगा वर आल्याशिवाय तो वर आला नव्हता. फादरनी ते पाहिलं होतं.

नेमसिंग जवळच्याच एका बंजारा तांड्यातला. बोर्डिंगातली निम्मी मुलं त्याच तांड्यातली होती. त्याचा बाप वारलेला. आई लालीबाई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तांड्यात त्या घराला काही मान नव्हता.

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर मैदानात कार्यक्रम झाला. फादरनी नेमसिंगच्या सदऱ्याला पितळी बिल्ला लावला. तांड्याचे प्रमुख, नायक सेवादास, मुद्दाम आले होते. ते उठले, सोबत आणलेलं लाल पागोटं त्यांनी नेमसिंगच्या डोक्याला बांधलं आणि तांड्याच्या मुलांकडे वळून आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलले. मुलांनी माना लववल्या. फादरनी जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते काय बोलले हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. नेमसिंगने मला नंतर सांगितलं: इथे मी नाही, इथे तुमचा नायक हा.

त्याच दुपारी नेमसिंगने बादली उचलली. पहिल्याच ताटाशी बसलेला तांड्यातला मुलगा उठला आणि त्याने नेमसिंगच्या हातातली पळी काढून घेतली. दुसऱ्याने बादली घेतली. तिसऱ्याने त्याला दंडाला धरून पंगतीच्या तोंडाशी बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं आणि त्यात सर्वांत आधी वरण पडलं. नेमसिंगला वाटलं चेष्टा आहे. तो हसत उठला. पुन्हा बसवला गेला.

स्वयंपाकी मारोतराव चुलीपाशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "कॅप्टनसाहेब, बसा निवांत. पोट्टे तुमची नोकरी हिसकून राह्यले."

फादर आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: डोक्याला पागोटं, छातीला बिल्ला, कॅप्टन पंगतीत पहिला बसलेला आणि लहान मुलं त्याला वाढताहेत. पहिल्या दिवशी ते नुसतेच हसले. दुसऱ्या दिवशी नेमसिंगला बाजूला घेऊन बोलले. नेमसिंगने पागोटं पेटीत ठेवून दिलं, पण पंगतीत काही फरक पडला नाही. तो बादली धरून ठेवायचा, मुलं ओढायची. एकदा अशा ओढाओढीत बादली कलंडली आणि उत्तमसिंग नावाच्या पाचवीतल्या पोराचा पाय भाजला. तेव्हा फादरचा राग अनावर झाला. नेमसिंग लहानांकडून कामं करून घेतो, आणि ती करताना त्यांना ढकलतोही, अशी त्यांची समजूत झाली. येत्या रविवारी कॅप्टन आपल्या हाताने वाढताना दिसला नाही तर बिल्ला परत घेईन, असं त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं.

त्या संध्याकाळी नेमसिंग माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी पुस्तक मिटलं.

"गुरुजी, मले वाढाचं हाय," तो म्हणाला. "मायची आन, मले मनापासून वाढाचं हाय. पण हे पोट्टे ऐकूनच नाही राह्यले."

"मग हुकूम कर. तुझं ऐकतात ना ते?"

"केला हुकूम. म्हणते, नायकानं असा हुकूम कराचा नसते."

काहून, असं त्याने त्यांना विचारलं होतं. नायकाने पंगतीत वाढलं तर साऱ्या तांड्याची मान खाली जाते, असं त्यांचं उत्तर. सगळ्याच तांड्यांत असं मानतात की नाही मला ठाऊक नाही. या मुलांच्या मनात मात्र ते पक्कं होतं.

मी दोन्हीकडे बोलायचं ठरवलं. आधी मुलांना गोळा करून पुढारी आणि सेवा यांवर समजावून सांगितलं. बोलताना मला माझं बोलणं पटत होतं. मुलं शांत ऐकत होती. शेवटी सगळी "हो गुरुजी" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बादली काढून घेतली. मग मी फादरकडे गेलो. पागोट्याचं सांगितलं, नायकाचं सांगितलं. फादरनी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, आता सुटेल. पण माझ्या सांगण्याने उलटंच झालं.

"म्हणजे हा अभिमान आहे तर," ते म्हणाले. "मी आळस समजत होतो. मास्तर, आळस मी एक वेळ सोडून दिला असता. हाच अभिमान मोडायला ही बादली आहे."

हा अभिमान नेमसिंगचा नाही, असं मी म्हणालो. मग कोणाचा, असं त्यांनी विचारलं. ते मला नीट मांडता येईना. मी नमस्कार करून बाहेर आलो आणि व्हरांड्यातून चालताना स्वतःवरच चरफडत राहिलो. उत्तर मला माहीत होतं. फक्त वाक्य होत नव्हतं.

शनिवारी सायकल घेऊन मी तांड्यावर गेलो. सेवादास नायकांनी खाट टाकली, चहा मागवला. मी त्यांना सारं सांगितलं. तुम्ही बांधलंय ते तुम्हीच सोडवा, एवढंच माझं मागणं होतं. त्यांनी चहा संपवून कपबशी खाली ठेवली. मग विचारलं, "गुरुजी, तुमच्या फादरले जेवाले कोण वाढते?"

"मारोतराव. आमचे स्वयंपाकी."

"मंग?"

फादर आपलं ताट आपण धुतात, असं मी म्हणालो. नायक मिशीत हसले. मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.

तेवढ्यात लालीबाई आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. ओढणी पुढे ओढून ती जरा लांब उभी राहिली. पोराच्या डोक्यावर पागोटं चढल्यापासून बाया तिला सणासुदीला पुढे बसवतात, असं ती म्हणाली. आधी कुणी हाक मारत नव्हतं.

"तुमचा तो पितळेचा तुकडा ठेवा नाहीतं काढा," ती म्हणाली. "माह्या पोराचं पागोटं उतरवू नका, गुरुजी."

नायक तिला म्हणाले, "उतरवते कोण?" आणि मला म्हणाले, बांधलेलं पागोटं सोडणं आमच्यात होत नाही. पण पोरांनी नेमसिंगची पळी हिसकू नये एवढं ते सांगतील. उद्या सकाळी स्वतः येऊन सांगतील. मी इतका हलका झालो की परतताना चढावरही सायकलवरून उतरलो नाही.

नायक शब्दाला जागले. रविवारी मिस्सा सुटायच्या आत ते फाटकापाशी हजर होते. त्यांनी मुलांना बोलावलं, दोन-चार वाक्यं बोलले आणि जेवायला न थांबता निघून गेले.

पंगत बसली. नेमसिंगने बादली उचलली. कुणी हात लावला नाही. तो पहिल्या ताटापासून वाढत निघाला. शहरातल्या मुलांना, तांड्यातल्या मुलांना, पायाला पट्टी बांधलेल्या उत्तमसिंगला. एवढ्या आनंदाने कुणाला वरण वाढताना मी पाहिलेलं नाही. कुणाच्या ताटात दोनदा पळी रिकामी करत होता. फादर दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. प्रार्थना झाली. फादर म्हणाले, "जेवा."

शहरातली मुलं जेवू लागली. तांड्याची मुलं हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

फादरनी पुन्हा सांगितलं. मुलं खाली बघत होती. वरणावर साय धरू लागली. फादर पुढे आले, उत्तमसिंगला विचारलं, दुखतं का, भूक नाही का. त्याने मान हलवली, पण कोणत्या प्रश्नाला हलवली ते समजलं नाही. नागपूरच्या गिरण्यांतल्या संपाच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत होत्या आणि फादर त्या रोज वाचत. त्यांचा चेहरा बदलताना मला दिसला.

"अन्नावर बहिष्कार," ते हळूच म्हणाले. "माझ्या शाळेत."

मी पुढे झालो. "फादर, बहिष्कार नाही. ते नायकाच्या, म्हणजे नेमसिंगच्या, पहिल्या घासासाठी थांबले आहेत. वाढू देऊ असं त्यांनी नायकांना कबूल केलं. त्याच्याआधी जेवू असं कबूल केलेलं नाही."

यावेळी माझं वाक्य झालं होतं. उपयोग झाला नाही.

"कॅप्टन शेवटी जेवतो," फादर म्हणाले. "हे त्यांना शिकावंच लागेल. आपण थांबू."

आम्ही थांबलो. शहरातली मुलं जेवून हात धुऊन आली आणि भिंतीला टेकून बघत उभी राहिली. मारोतरावांनी चूल विझवली. नेमसिंग पंगतीच्या मधोमध रिकामी बादली घेऊन उभा होता. तो आधी फादरकडे पाहायचा, मग मुलांकडे. त्याने आपल्या बोलीत त्यांना काही सांगितलं. आधी दटावून, मग विनवून. मुलांनी हात हलवले नाहीत. उत्तमसिंगची नजर ताटातल्या भाकरीवरून हलत नव्हती. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

"नेमसिंग, एक घास खा," मी म्हणालो.

"नाही," फादर म्हणाले. "नेमसिंग, तू खाल्लंस तर बिल्ला गेला. तुला समजतंय ना?"

"समजते, फादर."

त्याने बादली खाली ठेवली. उत्तमसिंगच्या शेजारी बसला, त्याच्या ताटातली भाकरी मोडली, थंड वरणात बुडवली आणि तोंडात घातली. त्याच क्षणी सगळ्या पंगतीचे हात ताटात गेले. नुसता खाण्याचा आवाज. नेमसिंग तोंडातला घास न गिळताच उठला, सदऱ्याचा बिल्ला काढला आणि फादरच्या हातात दिला. फादरच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना ते सारं खरोखरच लागलं होतं, आणि त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

सोमवारी दारव्ह्याच्या कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा चंद्रशेखर कॅप्टन झाला. तो नीट वाढायचा, शेवटी जेवायचा, कोपरे धरून जागा झाडायचा. तांड्याची मुलं त्याच्या हातून वरण मुकाट्याने घ्यायची. काय घडतं आहे ते त्याला ठाऊक होतं. एकदा तो मला म्हणाला, बिल्ला नेमसिंगलाच परत द्या ना सर, मी नुसता वाढत जाईन. मी ते फादरना सांगितलं. त्यांनी ते चंद्रशेखरच्या नम्रतेच्या खाती जमा केलं.

आठवडा गेला. मग एका दुपारी नेमसिंग माझ्याकडे येऊन म्हणाला, "बिल्ला एक काढला तं निंगाला, गुरुजी. हे डोक्यावरचं दुसरं कोण काढन?" मुलं अजून त्याच्यासाठी थांबत होती. त्याने त्यांना शिव्या दिल्या होत्या, एकाला मारलंही होतं. नायक चिडला म्हणून ती आणखीच अदबीने वागायला लागली. एकदा मैदानावर खेळता खेळता त्याला उशीर झाला, तर लहान पोरं ताटावर तशीच बसून होती. त्यानंतर तो कधी उशिरा आला नाही. घंटा झाली की जिथे असेल तिथून पळत सुटायचा, धापा टाकत पंगतीत बसायचा, आणि प्रार्थनेचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच एक घास तोंडात कोंबायचा. मग थांबायचा. मग सगळी जेवायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी फादर पंगत पाहायला आले होते. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी ते सगळं पाहिलं, तो पळत येणारा मुलगा आणि तो घाईघाईचा घास.

"पाहिलंत, मास्तर?" ते खेदाने म्हणाले. "सगळ्यांआधी याचा हात ताटात. आणि याला मी कॅप्टन केलं होतं."

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तुम्ही फार हळव्या मनाचे आहात असं म्हणाले, आणि चंद्रशेखरच्या हातातली बादली जड आहे का ते बघायला पुढे गेले.