त्या दुपारचा माग

तिने शेवटची कमांड दिली आणि खुर्ची मागे सरकवली. क्लस्टरमधल्या, म्हणजे ॲप चालवणाऱ्या जोडलेल्या सर्व्हरांमधल्या, एकेका मशीनवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्राम चढू लागला. रुग्णवाहिका मागवायचं त्यांचं ॲप म्हणजे सुटे सुटे भाग: पत्ता घेणारा, गाडी शोधणारा, ड्रायव्हरला कळवणारा. प्रत्येक भाग आपापल्या कंटेनरमध्ये, इतरांपासून वेगळ्या बंद कप्प्यात, चाले. आलेली हाक त्यांतून कशी गेली, कुठे अडली, हे आता पडद्यावर दिसणार होतं.

"भिंतींना कान होतेच, आता कंटेनरांना डोळेही आले!" शेजारचा सहकारी म्हणाला.

पहिली रेघ उमटली. कुणीतरी कुठेतरी गाडी मागवली होती आणि हाक कुठेही न अडखळता पार गेली होती.

तिने तारीख मागे नेली, आई गेली त्या दिवसापर्यंत. पडदा कोरा. तिने पुन्हा तेच केलं.

"अगं, आजपासूनचंच दिसणार," तो आवाज उतरवून म्हणाला. "आधी कुणी बघतच नव्हतं, तर साठणार कुठून?"

"माहीत आहे."

खरंच माहीत होतं. हे काम मागून घेतलं, तेव्हाही माहीत होतं.

त्या दुपारी आईजवळ फक्त बाबा होते. तिच्याच कंपनीच्या ॲपवरून मागवलेली गाडी आली, पण फार उशिरा. जुन्या नोंदीत गाडी निघाल्याची वेळ होती. हाक कधी आली, ते नव्हतं; उशीर बाबांनी केला की ॲपने, हे कळायला मार्ग नव्हता. पित्त असेल, जरा पडली की बरं वाटेल, असं बाबांना वाटलं होतं. "मी वाट बघत बसलो गं," एवढंच ते म्हणाले होते. तेव्हापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दूध उतू गेलं होतं आणि बाबा हातात फडकं धरून गॅससमोर नुसते उभे होते. तिने फडकं घेतलं, ओटा पुसायला लागली.

"झालं तुझं ते काम?"

"झालं."

"मग... त्या दिवसाचं काही दिसलं?"

तिने फडकं पिळलं, झटकलं, परत पिळलं.

"दिसलं. तुम्ही वेळेवरच मागवली होती गाडी, बाबा. आमच्याकडे अडकून पडलं सगळं. गाडी शोधणारा भाग बंद होता. चूक आमची."

बाबा खुर्चीवर बसले. आता ते रडतील, मोकळे होतील, असं तिला वाटलं. ते उठले, तिच्याजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. तू काय मुद्दाम केलंस? ती असती ना, तर तुला एका शब्दाने बोलली नसती."

तिने फडकं ओट्यावर ठेवलं.

"तुम्हालाही नसती बोलली, बाबा."

केसांवरून फिरणारा हात थबकला. मग पुन्हा हळूहळू फिरू लागला.