टेकाडाखालचा आडवा बांध

अमडापूरच्या शिवारात शालिग्राम आणि उत्तमराव या दोघा भावांचं अकरा एकरांचं एकत्र वावर होतं. वावर टेकाडाखालचं, उतरतं, वर मुरमाड, खाली काळंभोर. दर पावसाळ्यात वरची माती नाल्याला जायची आणि थोरला शालिग्राम नुसता हात चोळत बसायचा. म्हणून बुलढाण्याहून शेतकी खात्याचे रमाकांत आले आणि तीन पायांच्या यंत्रातून एक डोळा मिटून बघत त्यांनी मधोमध आडवा बांध सांगितला, तेव्हा शालिग्रामने दुसऱ्याच दिवशी कुदळ हाती घेतली.

रमाकांत हुशार होते. पुस्तकातलं सगळं त्यांना पाठ होतं. पुस्तकात एवढंच नव्हतं, की इकडे एकत्र घराच्या वावरात मधोमध बांध पडतो तो वाटण्या झाल्यावरच.

चैत्र सरता सरता कमरेएवढा बांध उभा राहिला. चार दिवस गेले नाहीत तो शेजारच्या वावरातल्या निवृत्तीने उत्तमरावला वाटेत गाठलं.

"कधी झाले बे वाटे? आमाले सांगतलं बी नाही."

"वाटे नाही. माती थांबाले घातला."

"हाव, हाव. मंग तुले कोन्तं आलं? वरचं का खालचं?"

पहिल्यांदा उत्तमराव हसला. दुसऱ्या कोणी विचारलं तेव्हा चिडला. तिसऱ्यांदा मात्र तो काम टाकून घरी आला. गावाला तेवढंच काम होतं, पण प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच.

शालिग्रामला हे दिसत होतं. बाप गेला तेव्हा उत्तमराव दोन वर्षांचा. त्याला याने खांद्यावर वागवून मोठा केला. तोच आता जेवताना नजर चुकवू लागला. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला. बांध फोडला तर माती जाणार, ठेवला तर भाऊ. शालिग्रामला अन्न गोड लागेना.

शेवटी गोठ्यात उत्तमरावनेच विषय काढला. "दादा, वाटे कराचेच झाले, तं मले कोन्तं देशीन?"

"खालचं." शालिग्रामला विचारही करावा लागला नाही.

"आन तुले वरचं बरड?"

"माही उमर झाली आता. तुही लेकरं लहान हायेत."

उत्तमरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उगाच गव्हाणीत कडबा टाकत राहिला. मग म्हणाला, "लोकायले हा बांध वाट्याचा धुरा काऊन वाटते? वखर तिथून वापस फिरते म्हनून. वखर वरून गेला, तं कायचा धुरा?"

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी बांध वरून उतरवला आणि ती माती दोन्ही अंगांना पसरली. उंची गुडघ्याएवढी राहिली, रुंदी दहा हात झाली. रमाकांत आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"अहो, मी कमरेएवढा सांगितला होता."

"साहेब, तेवढ्या उंचीनं माती थांबते, पन आमचं घर थांबत नाही," शालिग्राम म्हणाला.

रमाकांतांना काही कळलं नाही. मग उत्तमरावने सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा यंत्र लावलं, टेप धरला आणि इतक्या रुंदीवर पाणी अडेल, असं जरा नाखुशीनेच कबूल केलं.

मृगाआधी वखरणी निघाली. निवृत्ती आपल्या वावरातलं काम टाकून बघत उभाच होता. बैल बांधापाशी आले आणि जन्मभराच्या सवयीने मागे वळले. उत्तमरावने त्यांना पुन्हा आणलं, पुन्हा वळले. मग पलीकडे उभा असलेला शालिग्राम बांधावर चढून आला, पुढून कासरा धरला आणि बैलांशी बोलत बोलत चालू लागला. बैल बिचकत बांधावर चढले. मागून वखर चढला आणि पलीकडे उतरला.

"सोड दादा, आता जाते ते," उत्तमराव म्हणाला.

शालिग्रामने कासरा सोडला नाही. वावराच्या पार टोकापर्यंत तो तसाच पुढे चालत राहिला, आपले डोळे धाकट्याला दिसू नयेत म्हणून.