व्याह्यांच्या पुढे घसरू नये

निघताना ओकसूनने नवऱ्याला एकच गोष्ट बजावली: काही झालं तरी मोक साहेबांच्या पुढे जायचं नाही. दारात नाही, टेबलावर बसताना नाही, लिफ्टच्या रांगेत तर मुळीच नाही.

"मुलीचे वडील आहात तुम्ही. मागे राहा, दिसतील त्या वेळी कमरेत वाका आणि तोंड बंद ठेवा. लग्न ठरेपर्यंत जमेल ना एवढं?"

"जमेल की," ब्योन दोकसू म्हणाला. हे सगळं स्कीबोर्डवर, म्हणजे बिनकाठ्यांच्या आखूड स्कींवर, उभं राहून करायचं आहे, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लग्न फक्त एका होकारावर अडलं होतं. त्यांची हेजू आणि मोक साहेबांचा जेहो यांनी एकमेकांना पसंत करून बराच काळ झाला होता. दोन्ही आयांनी भेटून लग्नातल्या रेशमी पोशाखांचे रंगही बोलून घेतले होते. राहिले होते जेहोचे वडील, मोक सांगग्यू, वोनजूचे निवृत्त मुख्याध्यापक. चुनचॉनमध्ये चिकनचं हॉटेल चालवणाऱ्या दोकसूच्या घरात वळण कितपत असेल, ही त्यांची शंका होती. ती शंका त्यांना बर्फावर तपासायची होती. दोघा बापांनी डोंगरावर जावं, वरच्या टपरीत कॉफी घ्यावी, मग आपण काय ते सांगू, असा निरोप आला. त्या घरात स्की करणारे ते एकटेच होते, हा योगायोग समजावा.

नववर्षाच्या सुटीचा शेवटचा दिवस होता. अर्धं सोल शहर त्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभं होतं. आदल्या दिवशी पाऊस पडला होता आणि रात्रीत गोठला होता. वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या रांगेची जागा फाटकाकडे किंचित उतरती आहे. माणसं आपोआप पुढे सरकली तर बरं, असं ती आखणाऱ्याला वाटलं असावं. त्या दिवशी त्याच्या मनासारखं झालं.

मोक साहेबांच्या स्की त्यांच्या डोक्यापेक्षा उंच, जुन्या आणि घासूनपुसून लखलखीत होत्या. हातात दोन काठ्या. त्यांनी दोकसूच्या पायांकडे पाहिलं. स्कीबोर्ड उभे केले तर त्याच्या बरगड्यांनाही पोहोचले नसते.

"हे नातवाचे का?"

नातू हवा असेल तर आधी तुम्ही हो म्हणा, हे उत्तर दोकसूच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि अदबीने कमरेत वाकला. वाकला तसा तो घसरत मोक साहेबांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

इथे दोकसूची बाजूही सांगायला हवी. या रांगेत त्याच्याइतका सराईत माणूस नव्हता. लांब स्कीवाले गर्दीत एकमेकांच्या स्कीवर चढतात, मग माफी मागतात आणि उतरताना तिसऱ्याच्या स्कीवर चढतात. स्कीबोर्डवाला बदकासारखी पावलं टाकत दोन माणसांमधल्या फटीतून निघून जातो. त्याला थांबायचं असलं तर मात्र हातात काठ्या नसतात. उताराला आडवं उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, स्कीबोर्डच्या कडा बर्फात रुतवायच्या आणि कमरेच्या वर काही हलवायचं नाही. कोरियात वाढलेल्या माणसाला हे शेवटचं जमत नाही. वाकलं की वजन चवड्यांवर जातं आणि कडा सुटतात.

"घाई आहे वाटतं," मोक साहेब म्हणाले.

"छे छे, साहेब! आपण व्हा ना पुढे!" दोकसू वाकला आणि आणखी दोन माणसं ओलांडून गेला.

त्याची पाठ गुलाबी हेल्मेटवाल्या एका बाईवर आदळली.

"अहो काका, डोळे घरी ठेवून आलात का?"

"माफ करा, ताई." तो वाकला. वाकता वाकता तिच्याही पुढे गेला.

"वा! नमस्कार करत करत रांग मोडायची! नवीनच तऱ्हा आहे."

मागच्या स्नोबोर्डवाल्या तरुणाने मान लांब करून पाहिलं. "काका, स्कीचा बाकीचा भाग लिफ्टने येतोय का मागून?"

दोकसूने त्याचीही माफी मागितली. ओकसूनने सांगितलेलं सगळं तो तंतोतंत पाळत होता. तोंडातून उलट शब्द नव्हता, वाकण्यात कसूर नव्हती. मोक साहेबांना मात्र एवढंच दिसत होतं, की मुलीचा बाप दर दोन पावलांवर लोकांना वाकून फसवतो आणि पुढे घुसतो आहे. त्यांची भुवई वर गेली ती तिथेच राहिली.

अखेर दोकसू थेट फाटकाच्या खांबावर जाऊन थांबला. लिफ्टवरच्या मुलीने हाताने खूण केली. "एकटे? बसा, बसा!"

"माझे व्याही मागे आहेत."

"मग व्याह्यांना टाकून पुढे कशाला आलात?"

"व्हायचे आहेत अजून," दोकसू म्हणाला. या चालीने ते होतील असं त्याला वाटेनासं झालं होतं.

त्याने खांब धरून मागे पाहिलं. मोक साहेब गर्दीच्या मधोमध अडकले होते. एका स्कीच्या शेपटावर एक कुटुंब उभं होतं, दुसरीच्या टोकावर कोणीतरी पडलं होतं. मुख्याध्यापकांनी काठी उगारून "शिस्त! रांगेची शिस्त!" असं सुनावलं आणि त्याच झटक्यात ते खाली बसले. बर्फावर बसलेल्या माणसाची शिस्त कोणी ऐकत नाही. लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले.

दोकसू उलट फिरला. चढावर, त्या काचेसारख्या बर्फावर, समोरून येणाऱ्या गर्दीतून तो टाचा जुळवून, चवडे फाकवून चढला. या वेळी तो कोणापुढे वाकला नाही, म्हणून तर पोहोचला.

त्याने मोक साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

"माझी कंबर धरा, साहेब."

"मी? तुमची कंबर?"

"घट्ट धरा."

"मग तुम्ही पुढे होणार."

"होय. नाहीतर आपण दोघंही इथेच राहणार. लिफ्ट संध्याकाळी बंद होते."

मोक साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. त्यांनी काठ्या मनगटांना लटकवल्या आणि हॉटेलवाल्याच्या कमरेला मिठी मारली.

आता दोकसूचा आवाज हॉटेलातला झाला. "ताई, डावी स्की उचला. हां. ए दादा, ते फळकुट आडवं कर! बाळाचे बाबा, तुम्ही यांच्या स्कीवर उभे आहात, उतरा खाली." माणसं निमूटपणे सरकत होती. त्या दोघांची गाडी हळूहळू फाटकाकडे चालली. गुलाबी हेल्मेटवालीने मोबाइल काढला.

"आता जोडीने का?"

"तो फोन बंद करा!" मोक साहेब दोकसूच्या पाठीमागून ओरडले.

"काका, चेहरा जरा बाहेर काढा. नीट येत नाहीये."

खुर्ची आली आणि दोघं तिच्यात धपकन बसले. समोरची दांडी खाली आली. खाली गुलाबी हेल्मेट मोबाइल वर धरूनच होतं.

बऱ्याच उंचीवर गेल्यावर मोक साहेबांनी हातमोज्यावरचा बर्फ झटकला.

"तो व्हिडिओ वोनजूला पोहोचेल."

"पोहोचेल, साहेब."

"माझे विद्यार्थी पाहतील. विचारतील, सर, तुम्ही कोणाला धरून चालला होतात?" त्यांनी काठ्या मांडीवर घेतल्या. "कोणा परक्याला, असं सांगणं बरं दिसणार नाही."

 तोंड बंद ठेवणं दोकसूला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडत होतं.

"व्याह्यांना, असं सांगितलं तर शोभतं," मोक साहेब म्हणाले. "तुमच्याकडे लग्नाला मे महिना चालेल का?"

"चालेल."

"घराण्याच्या वळणाबद्दल मला अजून शंका आहे, ती गोष्ट वेगळी."

"असू द्या, साहेब."

उतरण्याची जागा जवळ येत होती. दोकसूने दांडी वर उचलली. पलीकडे खाली जाणारा उतार निळसर, लखलखीत आणि रिकामा पसरला होता. मोक साहेबांनी त्या उताराकडे पाहिलं आणि काठ्या घट्ट धरल्या.

"परत जाताना," ते म्हणाले, "तुम्हीच पुढे राहा. पण हळू."