लोशनचा वास

दुपारची कामं उरकली की रुपीबाई फळीवरची लोशनची बाटली काढायची, थेंबभर मनगटावर चोळायची आणि डोळे मिटून वास घ्यायची. नवऱ्याला, भावसिंगाला, ते दिसायचं. जावयानं नातीला नेल्यापासून घरात तिचा म्हणावा असा तेवढा वासच उरला होता.

लेक ममता पहिल्या बाळंतपणाला फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, माहेरी आली होती. बाळाला तेल लावायचं नाही, हेच लोशन लावायचं, अशी जावयाची ताकीद. अख्ख्या तांड्याची लेकरं चोळून मोठी केलेल्या रुपीबाईनं तीही मुकाट्यानं पाळली. तरी नातीच्या मांड्यांवर पुवाचे फोड उठले. जावई कपिल लोहाऱ्याहून आला आणि दारातूनच म्हणाला, "हातच साफ नसन तं काय होईन?" मायलेकींना तो घेऊन गेला. दवाखान्यात पोर बरी झाली, पण पुन्हा तांड्यावर आली नाही. तेव्हापासून कोणी लेकरू न्हाऊ घालायला बोलावलं की रुपीबाई म्हणायची, "माह्ये हात चांगले नाही, बाई."

आज ममताचा फोन आला तेव्हाही बाटली रुपीबाईच्या हातातच होती. भावसिंगानं फोन स्पीकरवर लावला.

"बा, ते लोशन फेकून द्या. जंतू निघाले त्याच्यात. कंपनीनं सारा माल वापस बोलावला."

भावसिंगानं रुपीबाईच्या हातांकडं पाहिलं. "मंग तुह्या याडीचे हात?"

"याडीचा काहीच दोष नव्हता, बा."

त्यानं बाटली मागितली. रुपीबाईनं ती पदराआड धरली.

"अवं, रोग हाये त्याच्यात!"

"माही नातबी हाये."

फोनवर आता कपिल आला होता. "मामा, माह्यं चुकलंच," तो कसाबसा म्हणाला. "येत्या रविवारी आणतो पोरीले."

रुपीबाईनं फोन ओढूनच घेतला. "जावईबापू, आता मले चोळू देसान तिले? पायावर निजवून?"

"आता कुठं निजते, मामी! खाली ठेवली का रांगत पळते. धरू धरू थकतो आम्ही."

फोन बंद झाला. रुपीबाईनं बाटली नवऱ्याच्या हाती दिली, न्हाणीत जाऊन साबणानं मनगट घासलं आणि ओल्या हातांनीच दाराशी येऊन बसली.

"पळते म्हणते," ती म्हणाली. "पयल्यांदा रांगली तं कोणाकडं गेली असन वो?"

 भावसिंग तिच्या शेजारी बसला.