शब्द एकीचे, पाणी दुसरीचं

मित्रांनो, मी एक जुना मग आहे. पांढऱ्या एनॅमलचा, निळ्या काठाचा. आत्मवृत्त जन्मापासून सांगायची पद्धत आहे, पण माझ्या अंगावरचे चार टवके उडालेत आणि मला सगळं त्यांच्यावरूनच आठवतं. तेव्हा तसंच सांगतो.

पहिला टवका. कारखान्यात. भट्टीतून निघालो, गार झालो आणि पेंढ्यात ठेवताना शेजारच्या परातीवर आदळलो. तपासनीस म्हणाला, "चालतंय. दवाखान्यातच तर जायचंय." संपलं माझं बालपण.

दुसरा टवका. नळाची तोटी लागली. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत मी सतरा वर्षं राबलो. मोठ्या सिस्टर तिथल्या मुख्य परिचारिका. डॉक्टर येईपर्यंत सगळा कारभार त्यांच्यावर. "नवी भांडी नुसती दिखाऊ. हा मग बघा, कसा मुठीत बसतो," असं त्या म्हणायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची. म्हणजे, असती तर फुगली असती. खोली पुसणाऱ्या मावशी मला घासायच्या. सिस्टर रविवारी चर्चमध्ये जायच्या, मावशींचा देव वेगळा होता. दोघी जेवायला मात्र एकत्रच बसायच्या.

तिसरा टवका.

थांबा. हा जरा दमाने सांगावा लागेल.

एका दुपारी एका शिंपिणीला मुलगी झाली. दिवस भरायच्या फार आधी. मुलगी निळसर, रडेचना. सिस्टरांचे दोन्ही हात गुंतलेले. एका हाताने इवल्या तोंडावर मास्क धरलेला, दुसऱ्याने हवेची पिशवी दाबणं चाललेलं. खाटेवरून शिंपीण ओरडली, "सिस्टर, तिला पाणी घाला हो! बाप्तिस्म्याशिवाय जाऊ देऊ नका!"

मित्रांनो, ख्रिस्ती घरात डोक्यावर पाणी घालून बाळाला देवाच्या घरचं करून घेतात. त्यालाच बाप्तिस्मा म्हणतात. एरवी ते काम चर्चमध्ये फादर करतात. जीव जात असेल, तर कुणीही करू शकतं.

"मावशी, तो मग घ्या. डोक्यावर तीनदा घाला. अहो, लवकर!"

मावशींनी घातलं. पिशवी न सोडता सिस्टरांनी शब्द म्हटले, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. थोड्या वेळाने सिस्टरांचा हात पिशवीवर थांबला. मी मावशींच्या मुठीतून सुटलो आणि फरशीवर पडलो.

त्यानंतर मला एकच चाळा लागला. विचार करायचा. माझ्यात मावतं ते अर्धा लिटर पाणी. त्यातलं ओंजळभर कमी पडलं, तर एवढासा जीव देवाच्या दाराबाहेर राहतो? आणि जिथे मगच नसतो, तिथल्या बाळांचं काय? पाणी भरताना, सांडताना, उपडा पडलेलो असताना मी हेच घोळवत असे.

नवव्या दिवशी शिंपीण आली. सोबत फादर होते. सिस्टरांच्या टेबलावर मी होतो, दाराशी मावशी फरशी पुसत होत्या.

"फादरांसमोरच सांगते," सिस्टर शिंपिणीला म्हणाल्या. "शब्द मी म्हटले, पाणी मावशींनी घातलं. माझे हात मोकळे नव्हते. ज्याने पाणी घालायचं त्यानेच शब्द म्हणायचे, हा नियम मला ठाऊक होता, फादर. ऐनवेळी सुचलाच नाही."

दाराशी फडकं थांबलं. "माझाच हात लागला म्हणून बिघडलं का?" मावशींनी विचारलं.

"नाही, मावशी," फादर म्हणाले. "तुमचा देव कुठलाही असो. शब्दसुद्धा तुम्हीच म्हटले असते, तर नियमात बसलं असतं."

"मला कुठे येतात तुमचे शब्द! आमचेच धड येत नाहीत."

कुणी हसलं नाही. शिंपीण खुर्चीच्या टोकावर बसली होती. "म्हणजे झालाच नाही बाप्तिस्मा. मग माझी मुलगी कुठाय?"

"विधी म्हणून झाला नाही, मुली. खोटं कसं बोलू? पण ही वाट देवाने आपल्यासाठी आखली. त्याला स्वतःला किती वाटा ठाऊक आहेत, हे त्याने मला सांगितलेलं नाही. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर एक चोर होता. त्याच्यावर कुणी पाणी घातलं? तरी प्रभूने त्याला त्याच दिवशी देवाच्या दारातून आत घेतलं."

"चोराला बोलता येत होतं, फादर. त्याने मागितलं. माझीला रडताही आलं नाही."

फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तिच्या वतीने तू मागितलंस. मला आशा आहे, मुली. मोठी आशा आहे."

"आशा तर माझ्याकडेही आहे. ती घेऊनच इथवर आले. तुमच्याकडे आणखी काही असेल, असं वाटलं होतं."

मलाही वाटलं होतं, मित्रांनो. पुस्तकं वाचलेल्या माणसाकडे असेल.

मग शिंपीण दाराकडे वळली. "मावशी, पाणी पडलं तेव्हा ती दचकली का हो? गार लागलं असेल तिला."

"गार?" मावशी चिडल्याच. "गार कसं घालीन, ताई? किटलीतलं मिसळलं. मनगटावर बघितलं, मगच घातलं. सिस्टर ओरडत होत्या लवकर लवकर म्हणून. ओरडू देत म्हटलं. भुवई जराशी हलली तिची. दचकली नाही."

शिंपीण उठली. बाह्या वर करून तिने दोन्ही हात पुढे केले. "दाखवा. किती कोमट होतं?"

मावशींनी फडकं टाकलं, हात धुतले, मला उचललं. नळाचं पाणी घेतलं, वर किटलीतलं ओतलं, थेंब मनगटावर घेतला, पुन्हा थोडं ओतलं. मग शिंपिणीच्या हातांवर मला कलतं केलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"असं होतं?"

"अस्संच."

शिंपीण हात तसेच धरून उभी राहिली. पाणी कोपरांवरून टेबलावर, टेबलावरून फादरांच्या बुटांवर गेलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच, असं सिस्टर नंतर सांगत होत्या, तिने खायला मागितलं.

चौथा टवका कधी उडाला, मला ठाऊक नाही. एकदा वापरून फेकायची भांडी आली, सिस्टर निवृत्त झाल्या, मी फडताळात गेलो. आता माझ्यात दोन मोडकी पेनं आणि एक थर्मामीटरची रिकामी नळी आहे. मी गंजतोय, पण प्रश्न गंजला नाही. ती मुलगी आत गेली की नाही? तुम्ही मोठे व्हाल, बरंच वाचाल. उत्तर सापडलं, तर मला फडताळातून काढा, पुसा आणि सांगा.

आणि तोवर कुणा अशक्त जिवावर पाणी घालायची पाळी तुमच्यावर आली, तर मागून कुणी कितीही ओरडो, मित्रांनो, आधी मनगटावर बघा.